वाचक विचारतात : मेदवेदेवच्या नावात वेद आहे की मध?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. टेनिसवाला दानिल मेदवेदेव आणि रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेदवेदेव, या दोघांच्या आडनावात म्हणे 'वेद' पण आहे आणि 'देव' पण, म्हणजे ही मंडळी मूळची वैदिकच. माझा मुलगा म्हणतो असलं काही नाही, त्याचा अर्थ अस्वल. आता घरात रोज जेवताना यावरून वाद. खरं काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मुलगा जिंकला, त्याला काहीतरी गोड खाऊ घाला. पण फॉरवर्डवाल्याची मला दया येते, कारण बिचारा खजिन्याच्या अगदी शेजारी उभा राहून दुसरीकडेच खणतोय.

आधी शेपूट काढून टाकू. शेवटचं 'एव' म्हणजे आपलं 'चा'. मेदवेदेव म्हणजे मेद्वेदचा, अस्वलाचा. आपल्याकडे लांडगे, कोल्हे, वाघ आहेत ना, त्यातलंच एक. त्यामुळे 'देव' गेला, तो 'द' अस्वलाचा आहे आणि 'एव' प्रत्ययाचा, दोघांना ओढून एकत्र बसवलं तर देव काय, काहीही दिसेल. (रशियनमध्ये देवाला 'बोग' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'भग', 'भगवान' मधल्या भगाचा नातलग आहे. फॉरवर्ड करायचाच होता तर हा करायचा, निदान खरा तरी होता.)

आता 'वेद'. इथे गंमत अशी की खुद्द रशियन लोकांनाही हाच चकवा लागतो. त्यांच्याकडे 'मेद' म्हणजे मध आणि 'वेदत' म्हणजे जाणणं, आणि हे 'वेदत' खरोखरच आपल्या वेदाच्या धातूचं भावंड आहे. म्हणून बरेच रशियन लोक सांगतात की मेद्वेद म्हणजे 'मध कुठे आहे ते जाणणारा'. ऐकायला छान आहे पण चूक आहे. शब्द तोडायचा तो 'मेद-वेद' असा नाही, 'मेदु-एद' असा. मेदु म्हणजे मध आणि एद म्हणजे खाणारा. मधखाऊ, बस एवढंच.

मग मधला 'व' आला कुठून? तो तुम्ही शाळेत शिकलाय! मनु + अंतर = मन्वंतर, सु + अल्प = स्वल्प, यण संधी, उ च्या पुढे दुसरा स्वर आला की उ चा व होतो. मेदु + एद, उ चा व, मेद्वेद. हीच जोडणी संस्कृतात करा, मधु + अद् (अद् म्हणजे खाणे, त्यावरूनच आपलं अन्न), तर होतं मध्वद्. आणि हा शब्द मी आत्ता तुमच्यासाठी बनवलेला नाही, ऋग्वेदात पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात चक्क आहे, 'यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णाः', ज्या झाडावर मध खाणारे पक्षी बसतात. कठोपनिषदातही 'मध्वदं' आहे, तिथे तो जीवात्म्याबद्दल आहे. म्हणजे माल तोच, सांधा तोच, फक्त आपल्याकडे तो पक्ष्याला आणि आत्म्याला लागला आणि तिकडे अस्वलाला.

पण म्हणून रशियन संस्कृतातून निघाली असं मात्र म्हणू नका हं. संस्कृतात जुने ए आणि ओ हे दोन्ही स्वर अ मध्ये विरघळून गेले, म्हणून आपल्याकडे 'मधु', आणि ग्रीकमध्ये 'मेथु', लिथुएनियनमध्ये 'मेदुस', स्लावमध्ये (म्हणजे रशियन, पोलिश वगैरे भाषांच्या घराण्यात) 'मेद' असा जुना ए शाबूत आहे. संस्कृतातून उचलला असता तर तिकडेही 'मद' झालं असतं. एकाच आजीच्या नाती आहेत या, एकमेकींच्या मुली नव्हेत. जेवणाच्या टेबलावर एवढं सांगितलंत तरी पुरे.

प्रश्न : डिक्शनरीत 'मूळ स्लाव' म्हणून जो शब्द देतात त्याच्या आधी एक चांदणी असते. म्हणजे तो शब्द लिहिलेला कुठेच सापडत नाही ना? मग तो खरा होता हे कशावरून? जरा संशयच येतो हो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : संशय योग्य आहे. चांदणीचा अर्थच तो : हे आम्ही उलट हिशोब करून मांडलंय, कुठल्या दगडावर किंवा कागदावर सापडलेलं नाही. स्लाव भाषा लिहायला सुरुवात झाली ती सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ८६३ साली मोराव्हियाला धर्मप्रसाराला गेले त्या सुमाराला. मूळ स्लाव त्याच्या आधीची, सहाव्या-सातव्या शतकापर्यंत तरी ती बऱ्यापैकी एकसंध बोलली जात होती असं धरतात.

अस्वलाचाच शब्द घेऊन बघू. रशियन लोक लिहितात मेद्वेद पण बोलताना ऐकू येतं 'मिद्व्येत'. सर्बियन, स्लोव्हेनियन 'मेद्वेद', क्रोएशियन 'मेद्व्येद', स्लोव्हाक 'मेद्वेद' (शेवटचा द मऊ, म्हणजे किंचित य मिसळलेला). इथवर काही अडचण नाही. बेलारूसमध्ये 'म्याद्ज्वेद्ज', तिथे मऊ द चा ज होतो, सगळ्याच शब्दांत होतो, त्यामुळे हिशोबात बसतं. मग येतो पोलंड आणि तिथे अस्वल म्हणजे 'न्येज्व्येच'. आता बोला! म चा न कसा झाला? तर म आणि व दोन्ही ओठांचे, जवळजवळ आले की जीभ-ओठ कंटाळतात आणि त्यातला एक जागा बदलतो. जुन्या पोलिशमध्ये म होता, नंतर न झाला. चेकमध्येही असाच 'नेद्व्येद' होता, पण आजच्या प्रमाण चेकमध्ये परत म आहे. तो न मात्र आडनावात अडकून राहिला : २००३ साली युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून बॅलन डी'ऑर मिळालेला पावेल नेदव्हेद, तोही अस्वलच!

युक्रेनियन लोकांनी तर कहर केला, त्यांचं 'वेद्मीद'. म आणि व ची सरळ अदलाबदल, आपल्याकडे 'मतलब'चं 'मतबल' आणि 'नुकसान'चं 'नुसकान' होतं तसं.

आता हे सगळे समोर ठेवून विचारायचं, की असा कोणता एक शब्द धरला म्हणजे प्रत्येक ठिकाणचा बदल त्या त्या भाषेच्या नेहमीच्या सवयींनी निघेल? उत्तर येतं *मेद्वेदि, शेवटची इ अगदी ओझरती, जी पुढे बोलण्यातून गळाली पण जाताना द ला मऊ करून गेली. उलटा प्रवास करा, *न्येज्व्येच मूळ धरा, तर बाकी सगळ्यांचा म कुठून आणणार? नाही जमत. आणि मग नवव्या शतकानंतरची जुनी चर्च-स्लाव पुस्तकं (स्लावमधलं सगळ्यात जुनं धार्मिक लिखाण) उघडली तर तिथे हिशोबाच्या अगदी जवळचंच रूप मिळतं. त्यामुळे अशा शब्दांच्या बाबतीत चांदणीला घाबरू नका, काही शब्दांची चांदणी जास्त लुकलुकते एवढं खरं.

बाकी बल्गेरिया आणि मॅसेडोनियाने मूळ शब्द बाजूला ठेवून 'मेच्का' धरलाय, तो याचंच लाडाचं रूप असं साधारणपणे मानतात. आणि हंगेरियन, जी स्लाव सोडा पण इंडो-युरोपियनसुद्धा (संस्कृत, ग्रीक, स्लाव या सगळ्यांचं मोठं कुळ) नाही, तिने शेजाऱ्यांकडून 'मेद्वे' उचलला आणि आजतागायत परत केलेला नाही.

प्रश्न : माझी आजी रात्री 'साप' म्हणू देत नाही, 'जनावर' म्हणायचं. मी वाचलं की रशियन लोकही अस्वलाचं खरं नाव घ्यायला घाबरायचे. हे खरं आहे का? आणि मग खरं नाव काय होतं? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : तुमच्या आजीला हा कॉलम लिहायला बसवायला हवं. जनावर, लांबडं, किरडू, आणि चावला तर 'पान लागलं', हे सगळं आपल्याकडे अजून जिवंत आहे. नाव घेतलं की तो येतो. रोगाचं नाव नको म्हणून 'देवी आल्या', फोडला म्हणायचं नाही म्हणून नारळ 'वाढवला', बंद केलं म्हणायचं नाही म्हणून दुकान 'वाढवलं', आणि घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आजीच ओरडणार, 'येतो म्हण'. ज्याला हे ठाऊक आहे त्याला पुढची गोष्ट समजवायला फार वेळ लागत नाही.

आंत्वान मेये नावाचा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ होता, त्याने १९०६ साली नेमकं हेच मांडलं. अस्वलाला एक फार जुना इंडो-युरोपियन शब्द होता. तो संस्कृतात 'ऋक्ष', ग्रीकमध्ये 'आर्क्तोस', लॅटिनमध्ये 'उर्सुस', आर्मेनियनमध्ये 'आर्ज', अल्बेनियनमध्ये 'अरी', आणि आजच्या तुर्कस्तानात साडेतीन हजार वर्षांपूर्वी चालणाऱ्या हित्ती भाषेत 'हर्तग्ग'. म्हणजे दक्षिणेच्या पट्ट्यात तो ठिकठिकाणी टिकलाय. आणि उत्तरेकडे, जिथे घनदाट जंगल आणि अस्वलाशी रोजची गाठ, तिथे सरकलात की तो गायब! स्लाव म्हणतात मधखाऊ. जर्मन, इंग्रज, स्वीडिश यांचे 'बेअर', 'ब्यॉर्न' वगैरे शब्द बहुतेक जण 'तपकिरी' या अर्थाच्या मुळाशी जोडतात, म्हणजे 'तो तपकिरी'. लिथुएनियन-लाटवियन लोकांचा 'लोकिस', 'लाचिस' आणखी वेगळाच. शेजारचे फिनिश लोक, ज्यांची भाषा दुसऱ्याच कुळातली, तेही अस्वलाला 'कार्हू' म्हणजे खरखरीत केसांचा म्हणतात, आणि लाडाने 'मेसिकॅम्मेन', मधाच्या पंजाचा. एकट्याने नाव टाकलं तर योगायोग म्हणू, पण जंगलातल्या एवढ्या शेजाऱ्यांनी टाकलं तर काहीतरी भीती होती असंच म्हणावं लागतं. अर्थात हा अंदाज आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याने 'मी घाबरतो' असं लिहून ठेवलेलं नाही. शिवाय नियम सरसकट नाही, वेल्समध्ये 'आर्थ' हा जुनाच शब्द आरामात चालू आहे, आणि तिथेही जंगल होतंच की.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. टोपणनाव वापरून वापरून तेच खरं नाव होतं, आणि मग त्याचीही धास्ती वाटायला लागते. मेद्वेद म्हणजे मधखाऊ हे विसरून गेल्यावर रशियन माणसाने त्यालाही पर्याय काढले : 'मिशा', 'मिखाइलो पोतापिच' (अगदी वडिलांच्या नावासकट, आदराने!), 'कोसोलापी' म्हणजे फेंगड्या, आणि कुठे कुठे नुसतंच 'हझ्याइन', म्हणजे मालक. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकचं अस्वल आठवतं का, पट्ट्यात पाच रिंगांचं बक्कल लावलेलं? त्याचं नाव मिशाच होतं. म्हणजे टोपणनावाचं टोपणनाव पार स्टेडियममध्ये जाऊन बसलं, त्याला भीतीचा वासही उरला नाही.

प्रश्न : यूट्यूबवर एका चॅनलवाल्याने सांगितलं की रशियन अस्वलाचं खरं गुप्त नाव 'बेर' होतं, म्हणून अस्वलाच्या गुहेला 'बेर्लोगा' म्हणतात, बेरचा अड्डा. पटण्यासारखं वाटलं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पटण्यासारखं वाटतं हीच अशा व्हिडिओंची खुबी. बेर्लोगा हा शब्द जुन्या स्लावमधलाच, पण त्याचं सर्बियन भावंड 'ब्रलोग' बघा : जनावराची गुहा तर आहेच, पण डुकरं लोळतात ती घाणेरडी जागाही. 'बेर' म्हणजे अस्वल असा शब्द एकाही स्लाव भाषेत जुन्या लिखाणात भेटत नाही. तो 'बेर' जर्मन 'बेअर' वरून सुचलेला आहे, मागाहून. आणि जरा विचार करा, ज्या नावाला घाबरून अख्ख्या जमातीने ते टाकलं ते तिने गुहेच्या नावात जपून ठेवलं असेल का?

प्रश्न : तुम्ही स्लाव अस्वलाबद्दल सगळं सांगाल, पण आपलं 'अस्वल' कुठून आलं? संस्कृतात तर ऋक्ष आणि भल्लूक. रीस हा शब्द माझे आजोबा वापरायचे. (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : गडचिरोलीतून हा प्रश्न यायलाच हवा होता, तुमच्याकडे अस्वल मोहाची फुलं खायला येतं आणि तो 'मोह' म्हणजे संस्कृत 'मधूक', त्याच्याही पोटात मधु बसलेला.

आजोबांचा रीस म्हणजे ऋक्षच. प्राकृतात संस्कृत 'क्ष' चा 'च्छ' व्हायचा आणि मराठीत आल्यावर त्या च्छ चा स किंवा श. इक्षु, उच्छु, ऊस. मक्षिका, मच्छिआ, माशी. तसंच ऋक्ष, रिच्छ, रीस. हिंदीने छ ठेवला म्हणून त्यांचा रीछ. आता प्राकृतात ऋक्षाचं दुसरं रूप होतं 'अच्छ', आणि अस्वलालाच 'भल्ल' असाही शब्द होता (भालू तिकडचा), दोन्ही जोडून 'अच्छभल्ल'. अच्छ चं अस, भल्ल चं वल, झालं अस्वल! म्हणजे जो शब्द उत्तरेकडच्या लोकांनी जंगलाच्या भीतीने टाकून दिला तो आपण शाळेतल्या पहिलीच्या पुस्तकात 'अ' च्या पानावर बिनधास्त छापतो. युरोपातल्या तपकिरी अस्वलाचं शास्त्रीय नाव उर्सुस आर्क्तोस, त्यात तर लॅटिन अस्वल आणि ग्रीक अस्वल एकापाठोपाठ, म्हणजे शब्दशः अस्वल अस्वल. आणि आपल्या जंगलातल्या काळ्या अस्वलाचं मेलुर्सुस, मेल म्हणजे लॅटिनमध्ये मध. तुमच्याकडचं अस्वल मधापेक्षा वाळवी आणि मुंग्याच जास्त खातं ही गोष्ट वेगळी.

ऋक्षाची आणखी एक शाखा वर आकाशात आहे. ऋग्वेदात 'अमी य ऋक्षा निहितास उच्चा' अशी ओळ आहे : उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, दिवसा जातात कुठे? शतपथ ब्राह्मण तर सरळ सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ग्रीकांनीही नेमक्या त्याच चांदण्यांना आर्क्तोस म्हटलं, त्यावरून उत्तरेचा तो प्रदेश आर्क्टिक. रशियन लोकांचं तेच नक्षत्र 'बल्शाया मेद्वेदित्सा', मोठी अस्वलीण. हे नाव ग्रीक-लॅटिनचं भाषांतर होऊन आलंय, पण भाषांतर करतानासुद्धा जुना शब्द हाताशी नव्हता, मधखाऊणच आकाशात चढवावी लागली.

प्रश्न : मधु या शब्दाचे वंशज कुठवर पोचले? थोडक्यात सांगा. मी केमिस्ट्री शिकवते, वर्गात मुलांना सांगायला काहीतरी हवं. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : थोडक्यात कसं सांगू, हा तर माझा लाडका शब्द! पश्चिमेला इंग्रजी 'मीड', मधाची दारू. स्लाव देशांत बराच काळ 'मेद' म्हणजे मधही आणि त्याची दारूही, पोलिशमध्ये 'म्यूत' आजही दोन्ही अर्थांनी चालतो. फिनिश 'मेसी' आणि हंगेरियन 'मेझ' हे फार फार जुने उसने शब्द, म्हणजे हंगेरियनने मध दोनदा उसना घेतला बघा, एकदा हजारो वर्षांपूर्वी मध म्हणून आणि नंतर स्लाव शेजाऱ्यांकडून अस्वलाच्या पोटात घालून. पूर्वेला मध्य आशियातल्या तोखारी भाषेत 'मित', तिथून तो चिनीत गेला असं बरेच अभ्यासक मानतात, चिनी 'मी' म्हणजे मध, आणि चिनीतून जपानमध्ये 'मित्सु'.

आता तुमच्या वर्गासाठी. ग्रीकमध्ये हाच शब्द 'मेथु' झाला आणि अर्थ सरकून वाईन झाला. आमेथिस्ट या जांभळ्या खड्याचं नाव त्यावरून, 'न झिंगवणारा', कारण तो जवळ ठेवला की दारू चढत नाही अशी ग्रीकांची समजूत. आणि १८३४ साली द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या स्पिरिटचा अभ्यास करताना मेथु म्हणजे वाईन आणि हुले म्हणजे लाकूड हे दोन ग्रीक शब्द जोडून 'मेथिलीन' हे नाव पाडलं. त्यातून मेथिल, मेथिलमधून मिथेन आणि मिथेनॉल. मुलांना म्हणावं, मिथेनॉल प्यायलं तर डोळे जातात, जीवही जातो, नावात मधु असला तरी. आणि गोबर गॅसमध्ये जो मिथेन असतो ना, त्याच्याही नावात तोच.